पिवळी कडी

१

"आजी, तू चौथ्या झाडाखाली उभी राहा हं, मी उडत येणार," असं बजावून टिकली जेवण संपताच तिसऱ्या मचाणाकडे पळाली होती. अकरा वर्षांची नात आयुष्यात पहिल्यांदा झाडांच्या शेंड्यांमधून तारेला लटकून येणार आणि आजी ते बघणार नाही, हे शक्यच नव्हतं. गुडघे कुरकुरत असतानाही आजी साहसी खेळांच्या त्या केंद्राच्या रानातल्या पायवाटेने चालत वेळेवर पोचली. तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेली बाई. घरचे सोडले तर बहुतेक सगळे तिला अजून सिस्टर म्हणायचे. उंचावरून लोंबकळणारी माणसं दिसली की तिच्या डोळ्यांपुढे आधी त्यांचे एक्स-रे यायचे, पण नातीपुढे ते बोलायची सोय नव्हती.

चौथं मचाण म्हणजे एका जाड झाडाला चाळीस फुटांवर बसवलेला फळ्यांचा चौथरा. मागच्या बाजूने खोडाला वळसा घालत जिना वर जायचा, तो समोरून दिसत नसे. तिसऱ्या मचाणावरून माणसाला तारेवर सोडणाऱ्याला इथे सगळे सोड्या म्हणत आणि चौथ्यावर त्याला थांबवून घेणाऱ्याला झेल्या. नावं कुणी ठेवली कोण जाणे, पण दोघेही त्याच नावाने हाका मारल्याशिवाय ओ देत नसत.

लांबून तारेवर एक टोला ऐकू आला. वरच्या मचाणावरून लगेच दोन टोले गेले. सकाळपासून ऐकून ऐकून सिस्टरलाही ती भाषा कळायला लागली होती. पलीकडचा विचारतो, सोडू का. अलीकडचा सांगतो, सोड, मी उभा आहे.

टिकली आली. आधी नुसती किंकाळी आली, मग लाल हेल्मेट, मग हवेत पसरलेले दोन पाय. सिस्टरने हात हलवला. मचाण जवळ आलं तरी वेग कमी होईना. झेल्याने पुढे होऊन तिला धरायला हवं होतं, दोरीने तिची तारेवरून घरंगळणारी चक्री थोपवायला हवी होती. कुणीच पुढे आलं नाही. पोर तशीच जाऊन खोडाला बांधलेल्या गादीवर आदळली. सिस्टरला खालीसुद्धा हाड मोडल्याचा आवाज आला, आणि तो आवाज ओळखायला ती कधी चुकत नसे.

मग टिकली ओरडायला लागली. पडलेलं मूल ओरडतं तसं ते ओरडणं नव्हतं.

सिस्टर तो जिना कशी चढली हे तिला नंतर आठवलं नाही. वर टिकली एका हाताने खोडाला मिठी मारून उभी होती, दुसरा हात लुळा पडलेला. तिच्या पायांशी झेल्या बसला होता. बसला होता म्हणजे पट्ट्याच्या आधाराने खोडाला टेकून होता. त्याचं डावं कानशील आत गेलेलं होतं, जबडा मोडून तोंड एका अंगाला ओढलं गेलं होतं आणि मांडीवर दोन दात पडले होते. एक डोळा उघडा होता.

सिस्टरने सवयीने नाडी बघितली. मग फळ्यांवरच्या रक्ताला बोट लावलं. दही लागावं तसं ते थिजलं होतं, कडेने सुकलंही होतं. या माणसाला मरून किमान पंधरा मिनिटं झाली होती.

आणि "सोड, मी उभा आहे" हे दोन टोले तिने आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

२

टिकलीचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. ओढणीची झोळी करून सिस्टरने तिचा हात छातीशी बांधला आणि सोड्याच्या मदतीने तिला खाली उतरवलं. सोड्या दोर टाकून धावत आला होता. आपल्या जोडीदाराकडे त्याने एकदाच पाहिलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून ओकला.

ते कार्यालयाजवळ पोचले तेव्हा खुनाची बातमी त्यांच्याआधीच पोचली होती आणि तिथे भलताच गोंधळ चालू होता. पाचसहा कर्मचाऱ्यांनी एका माणसाला जमिनीवर पाडलं होतं आणि जड बुटांनी ते त्याला तुडवत होते. सोड्याने टिकलीला आजीच्या हवाली केलं आणि एका उडीत तोही त्यात घुसला. त्याने त्या माणसाचे केस धरून तोंड दगडी पायरीवर आपटलं. तेव्हा कुठे सिस्टरला तो चेहरा दिसला.

तो तिचा जावई होता, टिकलीचा बाप.

"बाजूला व्हा," सिस्टर म्हणाली. वॉर्डात मध्यरात्री नातेवाइकांची हाणामारी व्हायची, त्या वेळचा तो आवाज होता. "बाजूला व्हा म्हणते ना. एक मेलाय, तो पुरे आहे आजच्याला."

माणसं बाजूला झाली. मॅनेजर दारात उभा होता. उंचापुरा, चापून चोपून कपडे घातलेला, बोलायला गोड. "मावशी, तुमचं दुःख मला कळतंय," तो म्हणाला. "पण सकाळी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. हा कपडे बदलायच्या खोलीमागच्या झाडीतून येताना सापडला. बाहीवर रक्त, तोंडावर ओरखडे. कुठे होतास विचारलं तर म्हणतो फिरत होतो."

सकाळचं खरंच सगळ्यांनी पाहिलं होतं. पट्ट्याच्या टोकाचं हुक आधी पिरगाळायचं, मग दाबायचं, तेव्हा उघडतं. झेल्याने ते दहा वेळा करून दाखवलं. लहान पोरांना जमलं, टिकलीला जमलं, जावयाला काही केल्या जमेना. घामाघूम झाला. शेवटी झेल्या हसत म्हणाला, "राहू द्या साहेब, तुम्ही खालून टाळ्या वाजवा." सगळे खळखळून हसले आणि जावयाने झेल्याच्या थोबाडीत मारली. त्यानंतर तो कुठल्याच मचाणावर चढला नव्हता.

"पोलीस?" सिस्टरने विचारलं.

"फोन केलाय. घाटातून यायला दोन तास लागतील. तोवर याला कोठीत बंद करतो, नाहीतर ही पोरं याला जिवंत ठेवायची नाहीत."

ते मात्र खरं होतं. जावयाला कोठीत ढकलून बाहेरून कडी घातली. जाताना त्याने मान वळवून सिस्टरकडे पाहिलं. "आई, मी नाही मारलं त्याला," तो म्हणाला.

सिस्टरला हा जावई पहिल्यापासून आवडत नव्हता. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चहा देताना लेक कप त्याच्या समोर ठेवायची आणि चटकन हात मागे घ्यायची, एवढंच तिने पाहिलं होतं. पण न आवडणं निराळं आणि खून निराळा, एवढा फरक ती जाणत होती.

मॅनेजरने तिला आत बसवलं. टिकलीच्या खांद्याला पक्की पट्टी हवी होती. "ती काय वर पेटी," मॅनेजर म्हणाला आणि दार उघडून त्याने सोड्याला हाक मारली. सोड्या रडून लाल झालेल्या डोळ्यांनी आला, स्टुलावर चढला, कपाटावरची पेटी काढून देऊन गेला. मॅनेजर त्या कपाटाला टेकून उभा होता आणि सोड्यापेक्षा वीतभर उंच होता. साहेबी थाट, सिस्टरच्या मनात आलं. खोलीतल्या किल्ल्यांचे खिळेही कुणी पोराटोरांसाठी ठोकावेत तसे कमरेइतके खाली होते. वर भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती.

पट्टी बांधताना टिकली हळूच म्हणाली, "आजी, त्या काकांनी माझी कडी घेतली होती."

३

"कुठली कडी गं?"

"उतरल्या उतरल्या आधी स्वतःला अडकवायचं, मग चक्री सोडायची, असं काकांनीच शिकवलं होतं. खोडावर लहान मुलांची पिवळी कडी खाली असते, मोठ्यांची लाल वर असते. मी एका हाताने पिवळी शोधली तर तिच्यात काकांचंच हुक होतं. मग मी तशीच उभी राहिले." टिकलीने आजीकडे पाहिलं. "मोठ्यांनी पिवळी वापरायची नाही ना?"

सिस्टरने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला तिथे पाहुण्यांचे फोटो काढणाऱ्या फोटोवालीपाशी बसवून सोड्याला गाठलं. तो कोठीच्या दारासमोर हातात लोखंडी चक्री घेऊन बसला होता. मनात काय होतं ते दिसतच होतं.

"त्याला नंतर मारशील," सिस्टर त्याच्या शेजारी टेकत म्हणाली. "आधी मला सांग, मोठ्या माणसाला पिवळ्या कडीला अडकवलं तर काय होतं?"

"पट्टा ढिला राहतो. तोल गेला तर माणूस मचाणाच्या कडेबाहेर लोंबतो. आम्हाला पहिल्या दिवशीच घोटून घेतात. झेल्यानं तर एकाला त्यावरून घरी पाठवलं होतं."

"म्हणजे झेल्या स्वतः पिवळीला अडकवणार नाही."

"झोपेतसुद्धा नाही." मग त्याच्या लक्षात आलं. "तो पिवळीला होता?"

"जेवायच्या सुट्टीत तो वर काय करत होता?"

"तार बघायला गेला होता. चौथ्याच्या तारेचे दोनतीन पदर तुटलेत, असं तो सकाळपासून म्हणत होता. बंदची लाल पाटी काखेत मारून गेला. म्हणाला, बरी वाटली नाही तर पाटी लावतो, मग कुणाचा बापही माणूस सोडणार नाही. सुट्टी संपली, पाटी काही दिसली नाही. मला वाटलं, तार ठीक असेल. मी टोला दिला, दोन परत आले. मी पोरीला सोडलं." त्याने चक्री खाली ठेवली. "सिस्टर, मी तिला मेलेल्या माणसाकडे सोडलं."

वर पाटी नव्हती. सिस्टरने फळी न् फळी पाहिली होती.

"ही टोल्यांची भाषा कुणाकुणाला येते?"

"पाहुण्यांना आम्ही नुसतं सांगतो, आवाज आला की घाबरू नका. द्यायला फक्त आम्हालाच येतात. मी, झेल्या, फोटोवाली. मॅनेजरही पूर्वी झेलायचे, आम्हाला त्यांनीच शिकवलंय. पण ते दोनतीन वर्षं झाली, वर चढत नाहीत."

फोटोवाली बुटकी आणि बोलकी होती, पण आज तिचा घसा बसला होता. सुट्टी संपायच्या आधी पंधरावीस मिनिटं ती कुठे होती, हे सांगायला तिला वेळ लागला नाही. एका कंपनीची तीस माणसं पहिल्यांदाच तारेवरून आलेली; त्यांना चौथ्या झाडाखालीच फोटो हवा होता. एकाचे डोळे मिटलेले, एकाची टोपी उडालेली, असं करत ते पाऊण डझन फोटो काढून झाले. तिने कॅमेऱ्यात सगळे दाखवले. शेवटचा फोटो काढून सगळे पांगले आणि पाठोपाठ सिस्टर तिथे पोचली होती.

म्हणजे खाली झाडाभोवती, अगदी जिन्याच्या पायथ्यापर्यंत, तीस माणसं दात काढून फोटोला उभी होती आणि वर फळ्यांवर झेल्याचं रक्त थिजत होतं. मारणाऱ्याला जिना उतरायची सोय नव्हती. तो मुडद्याशेजारी बसून खालची माणसं जायची वाट बघत राहिला. तेवढ्यात सोड्याचा टोला आला. उत्तर दिलं नसतं तर सोड्या बघायला आला असता. त्याने उत्तर दिलं, एका पोरीला तुटक्या तारेवर बोलावून घेतलं आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या तसा मागच्या जिन्याने तो निघून गेला.

आता फक्त जावई सुट्टीत खरंच कुठे होता ते कळायला हवं होतं, आणि ते एकाच माणसाला ठाऊक असणार होतं.

४

लेक कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. टिकलीला पाहून आली होती आणि पुन्हा इथेच येऊन बसली होती. खालचा ओठ फुटलेला, डावा हात उजव्या हाताने धरलेला.

"बघू," सिस्टर म्हणाली.

"काही नाही गं. ओढ्यातल्या दगडावरून घसरले."

सिस्टरने बाही वर केली. मनगट ठणठणीत होतं. सूज होती ती कोपर आणि मनगटाच्या मधोमध, करंगळीच्या बाजूला. तिने अंगठ्याने हलकंच दाबलं आणि लेकीने दात आवळले. दंडावर चार बोटं निळी उमटली होती, त्याखाली चार जुनी, पिवळी पडलेली.

"घसरणारा माणूस तळहात टेकतो," सिस्टर म्हणाली. "मोडतं ते मनगट. इथलं हाड मोडतं ते तोंडावर येणाऱ्या फटक्यापुढे हात आडवा धरला की. तीस वर्षं प्लास्टर घातलीत मी बायकांना. सगळ्या घसरलेल्याच असायच्या."

लेकीने बाही खाली ओढली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "सकाळी सगळे हसले ना. मी पण हसले म्हणे. सुट्टीची शिट्टी झाली तसं मला या खोलीच्या मागे नेलं. सुट्टी संपल्याची शिट्टी होईपर्यंत. मध्ये एकदा मी त्यांना बोचकारलं, मग हातात फांदी घेतली त्यांनी."

"सगळा वेळ इथेच?"

"सगळा वेळ."

सिस्टरला एकदम थकल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं परक्या बायकांच्या हाडांवरून घरं ओळखणारी ती, आणि स्वतःच्या लेकीचे हात तिने कधी धरून पाहिले नव्हते. तिला स्वतःचा संताप आला, जावयापेक्षाही जास्त.

"आई." लेकीचा आवाज अगदी लहान झाला होता. "तू काही बोलू नकोस ना. मीही नाही बोलत. पोलीस येतील, घेऊन जातील त्यांना. जाऊ दे ना."

किती सोपं होतं ते. नुसतं गप्प बसायचं होतं. ओरखडे होते, रक्त होतं, शंभर साक्षीदार होते. जावई आयुष्यभरासाठी आत गेला असता आणि लेक सुटली असती. सिस्टरने तो विचार केला, आणि एकदा नाही, दोनदा केला. असा विचार आपल्या मनात येतोय याची तिला लाजही वाटली नाही.

पण तिच्या कानात ते दोन टोले होते. ते देणारा माणूस अजून इथेच हिंडत होता, उद्याही माणसं तारेवर चढवणार होता. आणि लेक तरी कसली सुटली असती? दगडावरून घसरलेली बाई म्हणूनच राहिली असती, जन्मभर.

"मी त्याला सोडवणार," सिस्टर म्हणाली. "पण खुनातून. तुझ्याकडे परत पाठवायला नाही."

लेकीने तोंड फिरवलं. सिस्टरने बाकावरच्या मासिकाची गुंडाळी करून तिच्या हाताला बांधली आणि बाहेर येऊन सोड्याला म्हणाली, "सगळ्यांना कार्यालयात बोलाव. कोठीतल्यालाही आण."

५

मॅनेजर टेबलामागे बसला होता. बाजूला दाराचं शटर ओढायची आकड्याची लांब काठी भिंतीला टेकलेली होती. जावयाचा एक डोळा सुजून बंद झाला होता; दोघांनी त्याला दंडाला धरून उभा केला होता. लेक दारापाशी थांबली.

"मावशी, पोलीस येईपर्यंत कशाला हा खटाटोप?" मॅनेजर म्हणाला.

"वेळ जायला काहीतरी हवं ना." सिस्टरने खुर्ची ओढून समोर घेतली, पण बसली नाही. "ज्याने झेल्याला मारलं, त्याने नंतर त्याला कडीला अडकवलं. का? परका माणूस मारून पळाला असता, नाहीतर ढकलून देऊन अपघात म्हणून मोकळा झाला असता. इथे मात्र झेल्या कडेबाहेर कलंडायला लागला आणि मारणाऱ्याचा हात आपोआप हुकाकडे गेला. माणूस मचाणावर मोकळा ठेवायचा नाही, हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याचा हात. आमच्या जावयाला ते हुक सकाळी दहा वेळा शिकवून उघडलं नाही. तुम्ही सगळे हसलात की त्याला."

सोड्याने जावयाच्या दंडावरचा हात काढला.

"आणि बाहीवरचं रक्त?" मॅनेजरने विचारलं.

सिस्टरने लेकीकडे पाहिलं नाही. तिने वाट पाहिली.

"माझं आहे ते," लेक म्हणाली. "माझा ओठ फुटला तेव्हाचं."

जावयाने मान खाली घातली. सिस्टर पुढे बोलू लागली.

"मग उरले शिकलेले. सोड्या सुट्टीभर सगळ्यांबरोबर जेवत होता. फोटोवाली तीस माणसांसमोर झाडाखाली उभी होती. पण मला अडलं होतं ते कडीवर. शिकलेला माणूस मोठ्याला पिवळीला अडकवत नाही. लाल कडी डोक्याच्या वर असते. एका हाताने मुडदा तोलून धरलाय, दुसऱ्याने हुक अडकवायचंय, आणि तो दुसरा हात खांद्याच्या वर जातच नसेल तर? तर जी हाताशी येईल ती कडी." ती थांबली. "झेल्याच्या टाळूवर एकही घाव नाही. चिडलेला माणूस हात उगारून डोक्यात घालतो. याने तीनही घाव आडवे घातलेत, जबडा ते कानशील, एका रेषेत. असा खांदा मी वॉर्डात रोज बघायचे. तो माणूस घरातले खिळे काढून खाली ठोकतो, डोक्यावरच्या कपाटातली पेटी काढायला दुसऱ्याला हाक मारतो. मॅनेजर, जरा उजवा हात वर करता?"

सगळ्या माना वळल्या. मॅनेजर हसला, पण हात टेबलावरच राहिला.

"चौथ्यावरच झेलताना मोडला होता तो," सोड्या सावकाश म्हणाला. "एक जाडा पाहुणा येऊन आदळला होता. तेव्हापासून साहेब वर चढत नाहीत."

"आज चढले," सिस्टर म्हणाली. "झेल्याने पाटी लावायचं ठरवलं म्हणून. ती पाटी आणि ज्याने घाव घातले ते हत्यार इथेच असेल. वर कपाटावर शोधू नकोस. या माणसाला जे लपवायचंय ते खांद्याच्या खालीच असणार. सगळ्यात खालचा कप्पा बघ."

सोड्या वाकला. कप्प्याला कुलूप होतं, त्याने लाथेने फळी फोडली. आतून टॉवेलचं बोचकं बाहेर आलं आणि त्यातून लाल पाटीचे दोन तुकडे गळून पडले.

मॅनेजरने काठी उचलली ते कुणाला दिसलंच नाही. ती आडवी आली, कमरेच्या जोराने, कोयत्यासारखी. सिस्टरने खुर्ची पुढे धरली होती. खुर्चीचा पाय तुटून भिंतीवर आदळला आणि आकडा तिच्या दंडात घुसून फाडत गेला. दुसऱ्या फटक्याला सोड्या मध्ये पडला. त्याने मॅनेजरला टेबलावर पालथा पाडला, तो निकामी हात पाठीमागे धरून वर वळवला आणि खांदा निखळल्याचा आवाज आल्यावरही वळवत राहिला. मॅनेजर गुरासारखा ओरडत होता. सोड्याने टॉवेलमधून एक लोखंडी चक्री काढून हातात घेतली. तिला केस चिकटलेले होते.

"ठेव ती," सिस्टर म्हणाली. तिच्या बोटांवरून रक्त टपकत होतं. "तो बोलायला हवाय मला."

सोड्याने चक्री खाली ठेवली.

"संध्याकाळी बदलणारच होतो तार," मॅनेजर टेबलाच्या फळीत तोंड खुपसून म्हणाला. "सुट्ट्यांचा पहिला दिवस. फाटकाबाहेर रांग लागलेली. एक दिवस थांब म्हटलं त्याला, फक्त आजचा दिवस. तो ऐकेना. म्हणाला, तुमचा खांदा मोडला तेव्हाही हीच तार होती."

"आणि टोले?"

"एक आला की दोन देतो माणूस," तो म्हणाला. "हात गेला."

"तार तुटकी आहे हे तुम्हाला माहीत होतं. झेलायला कुणी नाही हेही माहीत होतं."



६

पोलीस आले तेव्हा उन्हं कलली होती. मॅनेजरला गाडीत घातलं, झेल्याला वरून उतरवलं. सोड्याने त्याला दोराने स्वतःच खाली सोडलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खाली येईपर्यंत तो त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता.

अधिकारी मध्यम वयाचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने सगळ्यांचे जबाब घेतले आणि शेवटी जावयाला म्हणाला, "तुम्ही जाऊ शकता. मारहाणीची तक्रार करायची असेल तर करा."

"नको, जाऊ द्या," जावई मोठ्या मनाने म्हणाला. त्याने सिस्टरला वाकून नमस्कार केला. "आई, तुमच्यामुळे वाचलो. तुमचे उपकार कसे फेडू." मग तो बायकोकडे वळला आणि त्याचा आवाज नेहमीच्या पट्टीत आला. "ऊठ. पोरीला घे. उशीर झालाय."

टिकली आईला चिकटून बसली होती. लेक उठली नाही.

अधिकाऱ्याची नजर मासिकात गुंडाळलेल्या हातावर गेली. "यांना काय झालं?"

"घसरली," जावई म्हणाला. "ओढ्यात दगड आहेत ना. सांगत होतो, जपून चाल."

अधिकाऱ्याने सिस्टरकडे पाहिलं. दिवसभर तिनेच सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. सिस्टरने आपल्या दंडावरची पट्टी सारखी केली आणि तोंड उघडलं नाही. हे वाक्य तिच्या वाटणीचं नव्हतं. तिला ते ओरडून सांगावंसं वाटत होतं पण तिने ते आत दाबून धरलं.

बाहेर सोड्या चौथ्या मचाणाचा दोर गुंडाळत होता.

"मी घसरले नाही," लेक म्हणाली. ती अधिकाऱ्याशीच बोलत होती, पण हात तिने टिकलीच्या पाठीवर ठेवला होता. "यांनी मोडला. फांदीने. आज दुपारी. याआधी बरगडी मोडली होती, तेव्हा मी जिन्यावरून पडले असं सांगितलं होतं."

"काय बोलतेयस तू?" जावई पुढे झाला, आणि अधिकारी मध्ये आला. तसा जावई सिस्टरकडे वळला. त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य होतं. "आई, तुम्ही तरी सांगा ना यांना. तुम्हीच तर मला सोडवलंत."

"सांगते ना," सिस्टर म्हणाली. "साक्षीदार म्हणून माझं नाव लिहून घ्या, साहेब. हाड कुठे आणि कसं मोडलंय ते मी तुम्हाला नीट सांगेन."

अधिकाऱ्याने जावयाला बाहेरच्या बाकावर बसवायला सांगितलं. मग दुसरा कागद घेतला आणि लेकीला खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "पहिल्यापासून सांगा."